इपरीत फळ

गाणं तीन मिनिटांचं आहे. त्यातली पहिली सत्तर सेकंदं बाई गातच नाही. आधी ट्रम्पेट, मग पियानो. मग ती येते आणि बारा ओळी म्हणते. बारा ओळींत कुणाला शिवी नाही, कुणाला हाक नाही, घोषणा नाही. शेवटचा शब्द ती वर ओढते आणि तसाच टांगून ठेवते. खाली उतरवत नाही. गाणं संपतं.

गेले चार महिने हे गाणं माझ्या मानगुटीवर बसलंय. त्याचं नाव 'स्ट्रेंज फ्रूट'. गाणारी बिली हॉलिडे, अमेरिकेतली काळी बाई. रेकॉर्डिंग २० एप्रिल १९३९ चं, न्यूयॉर्कमधलं. म्हणजे मी जन्माला यायच्या साठ वर्षं आधीचं. इतक्या लांबच्या, इतक्या जुन्या गाण्यानं माझ्यासारख्या सूतगिरणीतल्या पोराला का धरावं? दोस्तांनो, त्याचाच हिशोब इथं मांडतोय.

सापडलं ते असं. आमच्या विहारात एक लोखंडी कपाट आहे. वरच्या खणांत धम्माची पुस्तकं, बाबासाहेबांचे खंड. खालच्या खणात पानं सुटलेली, वाळवी लागलेली, कुणी कधी आणून टाकलेली पुस्तकं. दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं सगळं शिक्षण ह्या खालच्या खणात झालं. तिथं अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्यावरचं एक जुनं पुस्तक मिळालं. तेव्हा आपल्याकडे त्यांना निग्रो म्हणायचे. त्यात ह्या गाण्याबद्दल एकच वाक्य होतं, की ते झाडाला लटकवलेल्या माणसांचं गाणं आहे. मी फोनवर देवनागरीतच नाव टाकलं. गाणं आलं. ऐकलं. पुन्हा ऐकलं. त्या रात्री जेवायचं राहून गेलं.

काळ्यांशी आपलं नातं आजचं नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. काळ्यांचे मोठे विचारवंत ड्यू बॉइस यांना त्यांनी १९४६ साली पत्र लिहिलं, आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ साली मुंबईत पोरांनी संघटना काढली, तिला पँथर हे नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. हे आपण भाषणात ऐकतो, टाळ्या वाजवतो. पण भाषणातलं नातं वेगळं आणि रात्री तीन वाजता यंत्रासमोर उभं असताना छातीत जे कळतं ते वेगळं.

मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. खात्यात हजारो चात्या एकदम फिरत असतात. धागा तुटला की बोटानं सांधायचा. बॉबिन भरली की उतरवायची, रिकामी चढवायची, पुन्हा चालू. हवेत ओल राखलेली असते, अंगाला कपडे चिकटतात, तंतू नाकातोंडात जातात. फोन गेटवर जमा. म्हणून पाळीच्या आधी गेटबाहेर उभा राहून मी गाणं तीनदा ऐकतो. मग आठ तास ते डोक्यात चालतं. यंत्राचा आवाज एवढा की बाहेरचं काही ऐकू येत नाही, त्यामुळं आतलं मात्र लख्ख ऐकू येतं. ज्यानं खात्यात काम केलंय त्याला हे सांगायला नको.

आणि हातात काय असतं? कापूस. अमेरिकेच्या दक्षिणेला ज्या मळ्यांत काळ्यांच्या पिढ्यान् पिढ्या गुलाम म्हणून राबल्या, ते मळे बहुतेक कापसाचेच. १८६५ साली गुलामी कायद्यानं संपली. पण माणूस कायद्यानं मोकळा झाला की मालकाच्या पोटात दुखायला लागतं. मग आला दोर. जमाव जमायचा, माणसाला घरातून, रस्त्यातून, अगदी तुरुंगातूनसुद्धा ओढून काढायचा आणि झाडाला लटकवायचा. ह्याला लिंचिंग म्हणतात. टस्कीगी इथल्या काळ्यांच्या संस्थेनं नोंद ठेवली आहे : १८८२ ते १९६८ ह्या काळात ४,७४३ माणसं अशी मारली गेली, त्यांतली ३,४४६ काळी. ही फक्त नोंदलेली.

गाण्यातला शेवटचा शब्द, जो ती वर टांगून ठेवते, त्याचा अर्थ आहे पीक. कापूस पिकवणाऱ्यांच्या देशात झाडाला आलेलं पीक. हा शब्द मला शब्दकोशात सापडला तेव्हा मी बॉबिन बदलत होतो असं सांगितलं तर खोटं होईल. मी चहाच्या टपरीवर होतो. पण त्यानंतर बॉबिन हातात घेतली की तो शब्द येतो.

आता गाण्यात काय आहे ते सांगतो. मला इंग्रजी येत नाही. एकेक शब्द शब्दकोशात बघत, रात्रीच्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मित्राला छळत, अर्थ लावला. झाड आहे. पानं आहेत, मूळ आहे, वारा आहे. फुलांचा वास आहे. दक्षिणेच्या खानदानी थाटाचं कौतुक केल्यासारखं करते, आणि त्याच दमात मेलेल्या माणसाचं तोंड दाखवते. ऊन, पाऊस, कावळे. बस्स. लिंचिंग हा शब्दही नाही. आणि मुख्य म्हणजे बारा ओळींत मारणारा कुठंच नाही. एकही नाही. फक्त जे लटकतंय ते.

आमची गाणी मला आईच्या दुधाबरोबर मिळाली. वामनदादांची गाणी, जलशातली गाणी, चौदा एप्रिलला ट्रकवर वाजणारी गाणी. ढोलकीची थाप पडली की पाठीचा कणा सरळ होतो. त्या गाण्यांनी आपल्याला उभं केलं, ते ऋण फिटायचं नाही. पण हे गाणं उठवत नाही. हे माणसाला धरून बसवतं आणि म्हणतं, बघ. नजर फिरवू नको. मी आजवर शे-सव्वाशे कविता लिहिल्या. सगळ्यांत आग, वणवा, मशाल, सूर्य. एका कवितेतही मी वाचणाऱ्याला नुसतं बघायला लावलं नव्हतं.

पहिला घोटाळा नावापाशीच झाला. 'स्ट्रेंज' म्हणजे काय? शब्दकोश म्हणतो विचित्र, अनोळखी, चमत्कारिक. विचित्र फळ म्हटलं की सर्कशीतलं काहीतरी वाटतं. अनोळखी म्हणावं तर ते फळ कुणालाच अनोळखी नाही. चमत्कारिक हा तर पांढरपेशा शब्द, चहाच्या कपात माशी पडली तरी वापरतात. आठ-दहा दिवस ह्या एका शब्दावर अडलो.

सुटका आईनं केली. रविवारी सुट्टीला मी गाणं लावून बसलो होतो. आई तांदूळ निवडत होती. तिला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. गाणं संपल्यावर हात थांबवून म्हणाली,

"कोण गेलं रं हिचं?"

मी म्हटलं, "तुला कसं कळलं कुणी गेलंय म्हणून?"

"कळतंय की. पर ही रडत न्हाई. हिचं रडून झालंय."

मग मी तिला सांगितलं की बाई झाडाबद्दल गातेय, आणि झाडाला माणसं लटकवली आहेत. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "इपरीतच की रं."

इपरीत. बरोब्बर. विपरीत हा शब्द पुस्तकात वाळून गेला, पण आमच्या बायांच्या तोंडात अजून ओला आहे. जे व्हायला नको ते झालं, निसर्गाच्या उलटं झालं, आणि ज्याच्यापुढं माणसाची वाचा बसते, ते इपरीत. इपरीत फळ. ज्या शब्दासाठी मी शब्दकोश फाडला तो घरात तांदूळ निवडत बसला होता.

आता ह्या गाण्याच्या मुळाशी जाऊ. मुळाशी एक फोटो आहे.

७ ऑगस्ट १९३०. इंडियाना राज्यातलं मॅरियन नावाचं गाव. तुरुंग फोडून जमावानं दोन काळ्या तरुणांना बाहेर काढलं आणि झाडाला लटकवलं. थॉमस शिप आणि एब्राम स्मिथ. नावं लिहायलाच पाहिजेत. तिसरा जेम्स केमरून, सोळा वर्षांचा. त्याच्याही गळ्यात दोर पडला होता, पण तो वाचला. पुढं १९८८ साली त्यानंच मिलवॉकी शहरात काळ्यांवरच्या अत्याचारांचं संग्रहालय उभं केलं. २००६ साली वारला. आणि लक्षात घ्या, इंडियाना दक्षिणेत येत नाही. ते उत्तरेकडचं राज्य. गाणं दक्षिणेचं नाव घेतं, पण दोर सगळीकडेच होता. आपल्याकडेही म्हणतात ना, जात खेड्यात असते, शहरात कुठं आहे?

तर त्या रात्रीचा फोटो गावातल्या एका फोटोग्राफरनं काढला. वर दोन प्रेतं. खाली गर्दी. चांगले कपडे घातलेल्या बायका, पोरंसोरं. काही जण कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. एक जण हात वर करून प्रेतांकडे बोट दाखवतोय, जत्रेत पाळणा दाखवावा तसं. ह्या फोटोच्या हजारो प्रती विकल्या गेल्या. असे फोटो पोस्टकार्डावर छापून लोक पाव्हण्यांना पाठवायचे. आणि एवढी तोंडं फोटोत स्वच्छ दिसत असूनही शिक्षा कुणाला झाली? कुणालाच नाही.

मी तो फोटो पाहिला. माझी नजर प्रेतांवरून हसणाऱ्यांवर गेली आणि तिथंच अडकली. हा फोटो त्यांचा होता. त्यांनी काढवून घेतला, त्यांनी विकत घेतला, त्यांनी जपून ठेवला. मेलेला त्यात नुसती वस्तू होता, शिकारीतल्या डुकरासारखा.

न्यूयॉर्कमधल्या एका हायस्कुलात मास्तर असलेल्या माणसानं लिंचिंगचा असा एक फोटो पाहिला. बहुतेक जण तो मॅरियनचाच फोटो असल्याचं सांगतात. मास्तर गोरा, ज्यू, कम्युनिस्ट. नाव एबल मीरोपोल. फोटो त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं कविता लिहिली. १९३७ साली ती शिक्षकांच्या युनियनच्या मासिकात छापून आली. पुढं चालही त्यानंच लावली. टोपणनाव घेतलं लुईस ॲलन. जन्मतःच गेलेल्या आपल्या दोन लेकरांची ही नावं. ह्याच माणसानं आणि त्याच्या बायकोनं पुढं रोझेनबर्ग नवराबायकोला १९५३ साली विजेच्या खुर्चीत मारल्यावर त्यांची दोन पोरं दत्तक घेतली.

आणि कवितेत त्यानं काय केलं? फोटोतली गर्दी कापून टाकली. हसणारे गेले, बोट दाखवणारा गेला. राहिलं फक्त झाड. ज्या जागी ते हसणारे उभे होते, त्या जागेवर आता ऐकणारा उभा आहे. तू. मी. हा न्याय मला फार मोठा वाटतो. मारणाऱ्याच्या हातातला फोटो काढून घेतला आणि उलटा धरला. काल जो त्यांच्या मर्दुमकीचा दाखला होता, तो आज त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला.

आता आपल्याकडे या. जुलै २०१६, गुजरातमधलं उना. मेलेली गाय सोलणाऱ्या चार पोरांना गाडीला बांधून सळ्यांनी, पट्ट्यांनी मारलं. त्याचा व्हिडिओ कुणी काढला? मारणाऱ्यांनीच. कुणी पसरवला? त्यांनीच. पोस्टकार्डाचा जमाना गेला, मोबाईल आला, रीत तीच. आम्ही कसं मारतो बघा. पण व्हिडिओ उलटला. हजारो माणसं रस्त्यावर आली. सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरं कलेक्टरच्या कचेरीपुढं नेऊन टाकली, म्हणाले, तुमची गाय, तुम्हीच उचला.

हे वाचताना मला आमच्या गावचं झाड आठवतं. गावाचं नाव लिहीत नाही, आई अजून जाते-येते तिथं. ओढ्याकाठी चिंचेचं मोठं झाड आहे. १९५६ साली दीक्षा झाली, त्यानंतर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. माझा चुलत आजा त्यात पुढं होता. गावानं बहिष्कार घातला. दुकान बंद, दळण बंद, रानात काम बंद. आणि एके दिवशी आज्याला त्या चिंचेला बांधून दिवसभर मारलं. तो मेला नाही, पण उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. त्यानं ढोर ओढलं नाही ते नाहीच. आई अजून त्या झाडाखालनं जात नाही, वळसा घालून ओढा ओलांडते.

त्याचा फोटो नाही. कुणाकडे कॅमेरा होता? पोलिसात नोंद नाही. पेपरात बातमी नाही. आज्याचा हात होता, तोही आता मातीत गेला. राहिलाय फक्त आईचा वळसा. मित्रांनो, जिथं फोटो नाही तिथं गाण्यानं काय करायचं? आणि आज जिथं प्रेत गार व्हायच्या आत फोटो फिरतो, तिथं काय करायचं? ह्या दोन प्रश्नांमध्ये हे गाणं मला चार महिने फिरवतंय.

आपल्या साहित्यात एक जुना वाद आहे. सहानुभूती की स्वानुभूती? ज्यानं भोगलं नाही त्यानं लिहावं का? अंकांमागून अंक ह्यावर खर्ची पडले. ह्या गाण्याकडे बघून मला वाटतं, वाद थोडा पुढं न्यायला हवा. शब्द मास्तरचे. त्यानं बघून लिहिले, भोगून नव्हे. तरी शब्द खरे आहेत, कारण त्यानं स्वतःचं दुःख मधे आणलं नाही, अश्रू ढाळून दाखवले नाहीत, काळ्यांना उपदेश केला नाही. आणि त्याची किंमतही मोजली. १९४०-४१ च्या सुमाराला सरकारी समितीनं त्याला बोलावून विचारलं की हे गाणं लिहायला कम्युनिस्ट पक्षानं पैसे दिले का. म्हणजे माणसाच्या पोटात कालवलं तर त्याला कुणीतरी पैसे दिले असले पाहिजेत! आपल्याकडचे सवाल आठवतात का?

पण कविता गाणं झाली ती बिलीमुळं. तिच्याआधीही ते गायलं गेलं होतं. जगाच्या कानात गेलं ते तिच्या गळ्यातून. तिचा बाप गिटार वाजवणारा. १९३७ साली टेक्सासात दौऱ्यावर असताना न्यूमोनियानं गेला. काळा म्हणून त्याला वेळेवर दवाखाना मिळाला नाही, असं तिचं म्हणणं. हे गाणं म्हणताना तिला बाप आठवायचा. म्हणजे गोऱ्या मास्तरनं झाड लिहिलं आणि काळ्या पोरीनं त्यात बाप पाहिला. सहानुभूती शब्दापर्यंत येऊ शकते. शब्दाचा देह व्हायला तो भोगणारा गळाच लागतो. मला एवढं कळलं.

ती गायची कुठं, तेही ऐका. न्यूयॉर्कमध्ये १९३८ च्या डिसेंबरात कॅफे सोसायटी नावाचा क्लब उघडला होता. मालक बार्नी जोसेफसन, आधी चपला-बुटांच्या धंद्यातला. काळे-गोरे एकत्र बसू शकतील अशी जागा त्यानं काढली. त्या काळी न्यूयॉर्कातसुद्धा ही दुर्मीळ गोष्ट होती. ह्या गाण्यासाठी त्यानं नियम केला. गाणं सगळ्यात शेवटी. त्या वेळी वेटर थांबणार, कुणाला दारू नाही, जेवण नाही. सगळे दिवे बंद, फक्त तिच्या तोंडावर एक उजेड. गाणं संपलं की तोही बंद. पुन्हा दिवे लागतात तेव्हा ती नसते. लोकांनी कितीही टाळ्या वाजवल्या तरी परत यायचं नाही.

ह्या नियमावर मी फार विचार केला. आपले कलावंत वाड्यावर, माडीवर, जत्रेत नाचले-गायले. वर पैसे फेकले गेले, खाली वेचले. आपल्या दुःखावरसुद्धा लोकांनी दौलतजादा केली. जोसेफसननं आणि बिलीनं ठरवलं की ह्या तीन मिनिटांत तुम्ही गिऱ्हाईक नाही. ग्लास खाली ठेवा. आणि संपल्यावर आभार मानायला आम्ही थांबणार नाही. असं असूनही पुढं एका ठिकाणी एका बाईनं तिला फर्माईश केली, ते झाडावरच्या उघड्या देहांचं चावट गाणं म्हण. बिलीनं ते म्हटलं नाही. तिच्या आत्मकथेत ती हे सांगते. दुःखाचा तमाशा करणारे सगळीकडे असतात. गाणं कितीही खरं असो, ऐकणारा ते चघळू शकतो.

तिची नेहमीची रेकॉर्ड कंपनी होती कोलंबिया. तिनं हे गाणं काढायला नकार दिला. मग कमोडोर ह्या लहान कंपनीनं काढलं. रेडिओवाले वाजवायला भ्यायचे. तरी रेकॉर्ड खपली. आणि बिली? १९४७ साली नशेच्या गुन्ह्यात तुरुंगात गेली. सुटल्यावर न्यूयॉर्कमधल्या दारूच्या क्लबांत गायचा तिचा परवाना गेला. १७ जुलै १९५९ ला दवाखान्यात मेली, वय ४४, खोलीच्या दाराशी पोलीस. १९९९ साली अमेरिकेतल्या टाइम साप्ताहिकानं हेच गाणं शतकातलं सर्वश्रेष्ठ गाणं म्हणून निवडलं. जिवंतपणी परवाना नाही, मेल्यावर शतक नावावर. ही चाल ओळखीची आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या मंडळात दर वेळी एक भांडण होतं. कुठं अत्याचार झाला, निषेधाचा मोर्चा ठरला, की प्रश्न येतो : फ्लेक्सवर प्रेताचा फोटो लावायचा का? ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा का? अर्धे म्हणतात, लावा, लोकांना दिसू दे, त्याशिवाय रक्त तापत नाही. अर्धे म्हणतात, आपल्याच माणसांची अब्रू चव्हाट्यावर कशाला? मी आजवर पहिल्या बाजूला होतो. आता एक तिसरी बाजू दिसते.

१९५५ साली मिसिसिपी राज्यात चौदा वर्षांच्या एमेट टिल ह्या काळ्या पोराला मारून नदीत टाकलं. प्रेत ओळखू येत नव्हतं. त्याच्या आईनं, मेमी टिलनं, शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. जगानं बघावं म्हणाली. हजारो लोकांनी रांग लावून बघितलं. काळ्यांच्या 'जेट' साप्ताहिकानं फोटो छापला आणि एक पिढी पेटली. तोही प्रेताचाच फोटो. मग मॅरियनच्या फोटोत आणि ह्यात फरक काय? फरक हाताचा. तिथं दाखवणारा हात मारणाऱ्याचा होता, इथं आईचा. म्हणून माझं म्हणणं असं आहे : फोटो लावायचा की नाही, हे मंडळानं ठरवायचं नाही, मोर्चाच्या गर्दीनं ठरवायचं नाही. आधी त्या घरात जा, त्या आईला विचारा. ती हो म्हणाली तर लावा, मोठा लावा. नाही म्हणाली तर मारणाऱ्यांनी काढलेला व्हिडिओ पुढं ढकलू नका. नाहीतर आपण त्यांच्या पोस्टकार्डाचे पोस्टमन होतो.

शेवटी खर्ड्याबद्दल. जामखेड तालुका, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा आपला पोरगा, शाळेत शिकणारा. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला म्हणून मारलं आणि झाडाला लटकवलं. झाडाला. १९३० चं मॅरियन नाही, २०१४ चा महाराष्ट्र. खटला चालला. साक्षीदार फिरले. २०१७ साली न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं.

अमेरिकेत लिंचिंगविरुद्धचं पहिलं विधेयक १९०० साली आलं. देशाचा कायदा झाला मार्च २०२२ मध्ये, एमेट टिलच्या नावानं. एकशे बावीस वर्षं. आपल्याकडे अत्याचारविरोधी कायदा १९८९ पासून आहे. कायदा आहे, झाड आहे, प्रेत आहे. मारणारा नाही.

हे लक्षात आलं तेव्हा गाण्यातली ती रिकामी जागा मला उमगली. बारा ओळींत मारणारा का नाही? मी समजत होतो, ही कवीची कला. आता वाटतं, निकालपत्रात जेवढं आहे तेवढंच गाण्यात आहे. मॅरियनमध्ये मारणारा कोर्टाला सापडला नाही, तो गाण्यातही नाही. कोर्ट ती जागा रिकामी ठेवून फाईल बंद करतं. गाणं ती जागा रिकामी ठेवून ऐकणाऱ्याकडे बघत राहतं. म्हणून ती शेवटचा शब्द खाली उतरवत नाही. प्रेत उतरवलेलं नाही, प्रकरण मिटलेलं नाही.

मी खर्ड्यावर कविता लिहितोय. चार महिन्यांत सहा ओळी झाल्या. त्यांत मशाल नाही, वणवा नाही. एक झाड आहे आणि वळसा घालून जाणारी एक बाई आहे. पुढच्या ओळी होतील तेव्हा होतील.

तुमच्याकडून मात्र एक पाहिजे. तुमच्या गावातही असं एखादं झाड असेल, विहीर असेल, पार असेल, जिथनं तुमची आई-आजी वळसा घालून जाते. का जाते ते विचारा. ती ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत लिहा, शुद्ध करू नका. फोटो नसला तरी चालेल. एक पान पुरे. ह्या अंकाच्या पत्त्यावर पाठवा, स्टेन्सिल कापायला मी रविवारी मोकळा असतो.

जयभीम.